कच्चा वनस्पतिजन्य आहार करून पाहावा का? सोलापुरात राहून निर्णय घेणाऱ्या नवख्यांसाठी

काही वर्षांपूर्वी ऐन चैत्रात मी पूर्ण कच्चा आहार सुरू केला आणि सतराव्या दिवशी सोडला. एका शिबिरात व्याख्यान ऐकून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी, वरण, दूध, चहा सगळे बंद करून फळे, कच्च्या भाज्या, मोड आलेली कडधान्ये आणि भिजवलेले शेंगदाणे यांवर राहू लागलो. पहिला आठवडा फार हलका गेला. दुसऱ्या आठवड्यात दुपारी उन्हातून घरी आलो की डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात जुलाबांनी अंथरूण धरायला लावले. त्यात आहाराचा वाटा होता, सोलापूरच्या उन्हाळ्याचा होता आणि पिंपात चार दिवस साठवलेल्या पाण्याचाही होता. या तिन्हींपैकी एकाचाही विचार मी आधी केलेला नव्हता.

कच्चे खाणे मी त्यानंतरही चालू ठेवले. थंडीच्या दिवसांत माझ्या ताटातील जवळजवळ अर्धा भाग आजही कच्चा असतो आणि तो मला मानवतो. मात्र वर्षभर, तिन्ही त्रिकाळ, केवळ कच्चेच खाण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. ज्यांना तरीही करून पाहायचे आहे त्यांनी किती प्रमाणात, कोणत्या महिन्यांत, कोणत्या प्रकृतीने आणि किती दिवस, या चार प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर लिहावीत. पुढील पायऱ्या ती उत्तरे लिहिण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: घरातील डब्यांमध्ये खरोखर कच्चे काय आहे ते पाहावे

कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते साधारणपणे ४० ते ४८ अंश सेल्सिअसच्या पुढे तापवलेला कोणताही पदार्थ वर्ज्य मानतात. ही मर्यादा लावून स्वयंपाकघरातील डबे उघडले की बहुतेकांना धक्का बसतो. पोहे कच्चे वाटतात, पण सालीसकट भात गरम पाण्यात भिजवून, भाजून, मग कांडून ते तयार होतात. चुरमुरे तापलेल्या वाळूत फुलवलेले असतात, डाळे भाजलेले असते आणि गूळ तर काहिलीत उकळूनच होतो. काजूचे टरफल काढण्यासाठी बी वाफवावी किंवा भाजावी लागते, त्यामुळे बाजारातील न खारवलेला काजूही काटेकोर अर्थाने कच्चा नसतो. आपली शेंगाचटणी भाजलेल्या दाण्यांची. हुरडासुद्धा आगटीतच भाजावा लागतो. बेदाण्याला आच लागत नाही, पण द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधील जाळ्यांवर वाळवलेली असतात, म्हणून बेदाणे खाण्यापूर्वी धुणे आवश्यक आहे.

हे सर्व वगळल्यावर उरतात ती ताजी फळे, कोशिंबिरीच्या भाज्या, काही पालेभाज्या, ओले खोबरे, न भाजलेले शेंगदाणे, तीळ, जवस, बदाम, मोड आलेले मूग-मटकी आणि लाकडी घाण्याचे तेल. एवढ्यावर किती दिवस आनंदाने जेवता येईल, याचा अंदाज डबे समोर ठेवूनच घ्यावा, कारण व्याख्यानात सगळेच सोपे वाटते.

दुसरी पायरी: आपली प्रकृती या यादीत बसते का

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, क्षयरोगावर उपचार घेणारे, वजन आधीच कमी असलेले, म्हणजे ज्यांचा बॉडी मास इंडेक्स १८.५ च्या खाली आहे असे, आणि ज्यांनी कधीकाळी खाण्याविषयीच्या मानसिक आजाराशी झुंज दिली आहे असे, या सर्वांनी पूर्ण कच्चा आहार करूच नये. येथे मी 'शक्यतो' हा शब्द मुद्दाम वापरलेला नाही.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण अचानक बदलले आणि औषधाची मात्रा तीच ठेवली तर साखर एकदम खाली जाऊन घेरी येण्याचा धोका असतो. उलट दिवसभर केळी आणि द्राक्षांवर राहिले तर ती वरही जाते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकाएकी वाढवू नयेत, कारण त्यांतील 'के' जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करते. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी गोष्ट आणखी गंभीर आहे: भाजी चिरून, उकळून, पाणी टाकून दिल्याने पोटॅशियम कमी होते, आणि कच्च्या आहारात नेमकी हीच सोय नाहीशी होऊन केळी, शहाळे आणि टोमॅटोचा भार वाढतो. ज्यांना मुतखड्याचा त्रास झालेला आहे त्यांनी पालकाचा कच्चा रस पूर्णपणे टाळावा, कारण पालकात मुतखडा बनवणारे ऑक्झलेट भरपूर असते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात घामाने लघवीचे प्रमाण आधीच कमी झालेले असते.

यांपैकी काहीच लागू नसले तरी एक रक्ततपासणी आधी करून घ्यावी. त्यात हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), बी-१२, 'ड' जीवनसत्त्व, थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर एवढे असावे. पैसे जातात हे खरे. पण सुरुवातीचा आकडाच नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही, आणि बी-१२ आधीच कमी निघाले तर पुढील सर्व पायऱ्या तेथेच थांबवून प्रथम उपचार घ्यावा लागतो.

तिसरी पायरी: बी-१२ चा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागते. हे प्रमाण अतिशय सूक्ष्म आहे, पण वनस्पतिजन्य अन्नातून तेवढेही खात्रीने मिळत नाही. शाकाहारी घरांत ते दूध, दही आणि ताकातून येते, आणि काटेकोर वनस्पतिजन्य आहारात हे तिन्ही बंद होतात. स्पिरुलिना घेतले की भागते असे सांगितले जाते; त्यातील बराचसा भाग शरीराला उपयोगी न पडणाऱ्या स्वरूपाचा असतो.

या जीवनसत्त्वाची कमतरता फसवी असते. यकृतात साठा असल्यामुळे पहिले काही महिने, कधी काही वर्षेही, काहीच जाणवत नाही. शिवाय हिरव्या पालेभाज्यांतील फोलेट रक्तक्षयाचे लक्षण झाकून ठेवते आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. पायांना मुंग्या, तळव्यांची जळजळ, जीभ लाल होणे, विसरभोळेपणा, चालताना तोल जाणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात दीर्घकाळ कच्च्या आहारावर असलेल्या २०१ जणांपैकी ३८ टक्के जणांमध्ये बी-१२ ची कमतरता आढळली होती. त्यामुळे डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत गोळी घ्यावी, आणि गोळी घेणे आपल्या तत्त्वात बसत नसेल तर हा आहार सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोहाचे गणित त्यामानाने सोपे आहे. मोड आणल्याने धान्यातील लोह अडवणारे फायटेट कमी होते आणि वर लिंबू पिळल्याने लोह अधिक शोषले जाते, म्हणजे आजीच्या पद्धतीने केलेली कोशिंबीर येथे उपयोगी पडते. आयोडीनची मात्र अनेकांना आठवणही होत नाही. कच्चा आहार घेणारे पुष्कळ जण साधे मीठ सोडून सैंधव घेतात, ज्यात आयोडीन मिसळलेले नसते. त्यांनी आयोडीनयुक्त मीठच वापरावे.

चौथी पायरी: दिवसाचे अन्न तराजूवर मांडावे

मला सर्वांत उपयोगी पडलेली कृती हीच होती. एका रविवारी दिवसभराचे कच्चे अन्न मी स्वयंपाकघरातील काट्यावर मोजून ताटात मांडले: सोललेली सहा केळी, म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम, अर्धा किलो काकडी, गाजर, टोमॅटो आणि मेथी, २०० ग्रॅम डाळिंबाचे दाणे, १०० ग्रॅम ओले खोबरे, ५० ग्रॅम शेंगदाणे, आणि ५० ग्रॅम कोरड्या मुगांना आणलेले मोड. ताट, दोन वाट्या आणि एक पातेले भरले. एकूण वजन दीड किलोच्या पुढे गेले, आणि उष्मांकांची बेरीज जेमतेम १६०० झाली.

आता हे आकडे गरजेशी ताडून पाहावेत. परिषदेच्या त्याच शिफारशीत बैठे काम करणाऱ्या पुरुषाला २११० आणि मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या पुरुषाला २७१० उष्मांक सांगितले आहेत. स्त्रियांसाठी हेच आकडे १६६० आणि २१३० आहेत. बसून विड्या वळणारी बाई या ताटावर कशीबशी भागवू शकेल, पण यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार, गवंडी किंवा शेतमजूर यांना ते निम्म्याहून थोडेच अधिक पडेल. उरलेले भरून काढायचे तर शेंगदाणे, खोबरे आणि तेल वाढवावे लागते, आणि त्या प्रमाणात ते रोज पचवणे सर्वांना जमत नाही. ज्वारीच्या दोन भाकऱ्यांमध्ये किती काम भागते, हे मला त्या दिवशी प्रथम नीट समजले.

पुरेसे अन्न पोटात न गेल्याचा परिणाम आधी वजनावर आणि नंतर इतरत्र दिसतो. जर्मनीतच १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाचशेहून अधिक कच्चाहारींच्या पाहणीत, पंचेचाळीस वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अंशतः किंवा पूर्णतः थांबल्याचे आढळले. वजन उतरले म्हणून आनंदाने सांगणाऱ्या मैत्रिणीला हा प्रश्न कोणी तरी जपून विचारला पाहिजे. आंबट फळांच्या सततच्या सेवनाने दातांचे आवरण झिजते, हेही अशा लोकांच्या तपासण्यांत दिसले आहे. फळे खाल्ल्यावर चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये.

पाचवी पायरी: पाणी आणि धुणे

सोलापुरात या आहाराचा निर्णय माझ्या दृष्टीने येथेच होतो. शिजवणे ही केवळ चवीची क्रिया नाही. विषमज्वर, कावीळ, आमांश आणि जंत यांपासून आपले रोजचे संरक्षण तीच करते. ती आपण काढून टाकली की सगळा भार धुण्यावर येतो, आणि धुणे पाण्यावर अवलंबून असते. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. मधल्या दिवसांत आपण टाकी, पिंप आणि हंडे यांतले साठवलेले पाणी वापरतो, ज्यात तांब्या बुडतो, हात बुडतो, झाकण उघडे राहते. भाजी उकळायची असते तेव्हा या पाण्याने धुतली तरी निभावते. कच्ची खायची असेल तर निभावत नाही.

पालेभाजी धुण्याची मी आता पाळत असलेली रीत अशी आहे. जुडी सोडून मुळे, पिवळी आणि चिखलाची पाने आधीच काढून टाकायची. रुंद परातीत पाणी घेऊन त्यात पाने हलक्या हाताने खळबळायची आणि वर उचलून दुसऱ्या भांड्यात काढायची. परात तिरपी करून पाणी ओतायचे नाही, कारण तळाची माती पुन्हा पानांवर बसते. पहिल्या पाण्यात तळाशी वाळूचा करडा थर दिसतो, दुसऱ्यात थोडा, आणि तिसऱ्यात परातीचा तळ स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवायचे. त्यानंतर पिण्याच्या पाण्यात क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून, सांगितलेला वेळ पाने बुडवून ठेवायची, शेवटी उकळून गार केलेल्या किंवा फिल्टरच्या पाण्याने धुऊन स्वच्छ पंचावर पसरायची. मिठाच्या किंवा हळदीच्या पाण्याने अळ्या आणि किडे सुटतात. जंतूंचा नाश तेवढ्याने होतो असे धरून चालू नये.

एका जुडीला अर्धा तास आणि दोन घागरी पाणी लागते. हा अर्धा तास कोणाचा, हेही ठरवून घ्यावे. पुष्कळ घरांत कच्च्या आहाराचा निश्चय एकाचा असतो आणि निवडणे, धुणे, चिरणे दुसरीच्या अंगावर पडते, शिवाय इतरांचा नेहमीचा स्वयंपाक सुटत नाही तो वेगळाच. ज्याला कच्चे खायचे आहे त्याने स्वतःची भाजी स्वतः धुवावी, हा नियम आमच्या घरी आता पाळला जातो आणि त्यामुळे निश्चय किती पक्का आहे तेही लवकर कळते.

फ्लॉवर आणि कोबी यांच्या पापुद्र्यांत शिरलेली घाण आणि जंतांची अंडी धुण्याने खात्रीने निघत नाहीत, म्हणून ते शिजवूनच खावेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत कोणतीही पालेभाजी कच्ची खाऊ नये. द्राक्षांवर फवारण्या होतात. घड तसाच न धुता मणी सुटे करून, चोळून, वाहत्या पाण्यात धुवावेत.

सहावी पायरी: जे कच्चे खाऊच नये ते पाठ करावे

राजमा सर्वांत आधी. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात असलेल्या लेक्टिनमुळे चार-पाच दाण्यांनीही जोराच्या उलट्या होऊ शकतात, आणि मोड आणल्याने हा दोष जात नाही. सोयाबीनही कच्चे खाऊ नये; त्यातील घटक प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. अळू आणि सुरण घशाला खाजवतात हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. हिरवट पडलेला बटाटा तर शिजवूनही खाऊ नये.

ज्वारीविषयी येथे विशेष सांगितले पाहिजे, कारण 'गव्हाला मोड आणतात, मग आपल्या मालदांडीला का नको' हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. पाण्याच्या ताणावर आलेले ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन जनावरे दगावतात, हे मंगळवेढ्यापासून बार्शीपर्यंत कोणताही शेतकरी सांगेल. त्याचे कारण धुरिन हे द्रव्य, ज्यातून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. ज्वारीला मोड आणले की कोवळ्या कोंबात हेच धुरिन वाढते. म्हणून मोडाची ज्वारी कच्ची खाऊ नये. मोडाचे सत्त्व करायचेच असेल तर दाणे वाळवून, कोंब आणि मुळ्या चोळून पूर्ण काढून, मग भाजून आणि शिजवून वापरण्याची जुनी रीत आहे आणि तीच योग्य आहे.

दुधी भोपळ्याच्या रसाबद्दलही सावध राहावे. दुधी, दोडका, काकडी यांच्यात कधीकधी कुकुरबिटॅसिन नावाची कडू विषारी द्रव्ये वाढतात. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाल्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली होती, आणि कडू लागणारा रस मुळीच पिऊ नये असा तिचा सल्ला होता. रस काढण्यापूर्वी फोडीचा तुकडा जिभेवर ठेवावा. कडू लागला तर थुंकून सगळे फळ टाकून द्यावे. इतर रसात मिसळून कडूपणा झाकणे हे सर्वांत धोक्याचे आहे.

शेंगदाणे सुरकुतलेले, काळवंडलेले किंवा बुरशीचा वास येणारे असतील तर निवडून फेकावेत, कारण त्या बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असते आणि भिजवल्याने ते जात नाही.

मोड आलेली कडधान्ये ही या आहारातील सर्वांत पौष्टिक आणि सर्वांत जोखमीची वस्तू आहे, कारण ओल आणि ऊब या ज्या दोन गोष्टी मोडाला हव्या असतात त्याच जंतूंनाही हव्या असतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांमधून ई-कोलाय जंतूंची साथ पसरली, सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तेथे थंड हवा आणि फ्रिज होते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर असतो. रात्री भिजवून सकाळी फडक्यात बांधलेल्या मुगांना उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाठोडे सोडले तर हाताला बुळबुळीत लागतात आणि आंबूस वास येतो. माझा जुलाब अशाच मटकीपासून सुरू झाला होता; वास आला होता, आणि वाया जाऊ नये म्हणून मी ती खाल्ली. आता उन्हाळ्यात मी मोडांना उकळत्या पाण्यातून काढतोच. काटेकोर कच्चाहारींना ते मान्य होणार नाही, पण ज्यांना पूर्ण कच्चेच हवे आहे त्यांनी किमान मार्च ते सप्टेंबर मोड बंद ठेवावेत.

सातवी पायरी: थंडीत, ओळखीच्या पदार्थाने सुरुवात करावी

सुरुवातीला योग्य काळ मार्गशीर्ष ते माघ. मेथी, पाथरी, करडईची कोवळी भाजी, कांद्याची पात, गाजर, मुळा, ओला हरभरा, बोरे, पेरू हे सर्व तेव्हा ताजे असते, पुढे द्राक्षे येतात, आणि डाळिंब तर आपल्या जिल्ह्याचेच आहे. परदेशी फळांच्या आणि पाकिटबंद बियांच्या याद्या घेऊन लक्ष्मी मार्केटमध्ये फिरण्याची गरज नाही.

पहिला पदार्थ म्हणून मी घोळाणा सुचवतो, कारण तो येथील प्रत्येकाच्या जिभेला ठाऊक आहे. धुऊन कोरडी केलेली मेथीची कोवळी पाने हातानेच मोडावीत, बारीक चिरू नयेत, नाहीतर कडवटपणा सुटतो. त्यात चिरलेला कांदा, भिजवून जाडसर ठेचलेले कच्चे शेंगदाणे, तिखट, मीठ आणि चमचाभर घाण्याचे तेल घालून बोटांनी हलके घोळावे, लिंबू पिळावे आणि लगेच खावे. दहा मिनिटे ठेवला तर पाणी सुटून पाने मरगळतात. पाथरी मिळाली तर ती नुसती, मीठ लावून, दाण्यांबरोबर खाता येते. माझी आई शेतावर असताना बांधावरची पाथरी निवडून पदराच्या ओच्यात गोळा करीत असे, आणि तिला आपण काही विशेष आहार करतो आहोत असे कधी वाटले नाही.

पहिले तीन आठवडे एका जेवणाचा अर्धा भाग कच्चा आणि अर्धा शिजलेला ठेवावा, म्हणजे भाकरी आणि वरण तसेच राहू द्यावे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० उष्मांकांच्या आहारासाठी ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सुचवली आहेत. बहुतेकांच्या ताटात एवढेही नसते, त्यामुळे नुसते हे प्रमाण गाठले तरी पोट साफ होणे, जेवणानंतरची सुस्ती कमी होणे असे जे फायदे कच्च्या आहाराच्या नावावर सांगितले जातात त्यांतील पुष्कळसे मिळतात. गाजरातील बीटा-कॅरोटिन आणि टोमॅटोतील लायकोपिन शिजवल्यावर आणि थोड्या तेलाबरोबर अधिक शोषले जातात, तर 'क' जीवनसत्त्व शिजवल्याने घटते. म्हणजे दोन्ही प्रकार ताटात असण्यात शरीराचा तोटा काहीच नाही.

आठवी पायरी: एकादशीचा उपयोग करून घ्यावा

पूर्ण कच्च्या दिवसाचा अनुभव घेण्यासाठी पंढरपूरच्या जिल्ह्यात वेगळा मुहूर्त शोधावा लागत नाही. महिन्यातून दोन एकादशा येतात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' अशी म्हण पडण्याइतके आपण त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि तळलेल्या पापड्या खातो. त्याऐवजी तो दिवस केळी, डाळिंब, काकडी, ओले खोबरे, भिजवलेले शेंगदाणे आणि शहाळे यांवर काढून पाहावा. मोड आलेले मूग उपवासाला चालत नाहीत, त्यामुळे मोडांची जोखीमही त्या दिवशी आपोआप टळते. अशा चार-सहा एकादशा झाल्यावर भूक किती लागते, झोप कशी लागते, पोट फुगते का, कामात हात चालतो का, हे वहीत लिहिलेले असेल तर पुढचा निर्णय व्याख्यानावरून न घेता स्वतःच्या वहीवरून घेता येतो.

येथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. गांधीजींनी १९२९ मध्ये काही सहकाऱ्यांसह कच्च्या अन्नाचा प्रयोग केला होता, आणि आमांश झाल्यावर तो थांबवला. पुढे १९४६ मध्ये पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळीकांचन येथे त्यांच्याच प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम उभा राहिला, म्हणजे आहारावरची त्यांची श्रद्धा कायम होती. प्रयोग सुरू करण्याइतकेच तो वेळेवर थांबवणेही त्यांना महत्त्वाचे वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

नववी पायरी: थांबण्याच्या खुणा आधीच लिहून ठेवाव्यात

एवढ्यावरही पूर्ण कच्चा आहार करून पाहायचाच असेल तर थंडीतील तीन आठवड्यांची मुदत घालावी आणि वहीच्या पहिल्या पानावर थांबण्याच्या खुणा लिहाव्यात. सुरू झाल्यावर माणूस स्वतःशीच वाद घालू लागतो आणि प्रत्येक त्रासाला 'शरीर शुद्ध होते आहे' असे नाव देतो, म्हणून हे आधीच करायचे. माझ्या वहीतील खुणा अशा आहेत: पहिल्या आठवड्यानंतरही दर आठवड्याला किलोभर किंवा अधिक वजन उतरणे, उभे राहताना घेरी येणे, दोन दिवसांपेक्षा जास्त जुलाब, किंवा एकदाही रक्त वा ताप, हातापायांना मुंग्या, केस झडू लागणे, स्त्रियांच्या बाबतीत पाळी चुकणे, आणि जेवणाचा विचार सोडून दिवसात दुसरे काही न सुचणे. शेवटची खूण घरच्यांना आपल्या आधी दिसते, म्हणून ते पान त्यांनाही वाचायला द्यावे.

उन्हाळा तोंडावर आला की मुदत शिल्लक असली तरी थांबावे. घामावाटे मीठ जात असताना अळणी फळांवर राहणे धोक्याचे आहे.

परत येताना एकदम जड जेवू नये. पहिल्या दिवशी मुगाचे पातळ वरण आणि मऊ भात, दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी आणि ताक, आणि चार-पाच दिवसांत नेहमीचे ताट, एवढ्या सावकाशीने पोट सांभाळून घेते. कच्च्याचा जो अर्धा भाग मानवला असेल तो मात्र सोडू नये. तीन महिन्यांनी तीच रक्ततपासणी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा करावी आणि फेरिटिन, बी-१२ आणि हिमोग्लोबिनचे नवे आकडे वहीत जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहून ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.